चपला सांभाळणारी

सव्वापाचला सोसायटीचा पंप सुरू होतो
तेव्हा मी बोटाच्या कडेला सुई टोचते.
मधोमध नाही. मधोमध टोचलं
की दिवसभर बँकेत नोटा मोजताना कळतं.

एकशे सव्वीस.
जा, म्हणतो आकडा.

काल ब्याण्णव होता. म्हणाला,
अर्धं केळं खा, मग बघू.
परवा दोनशे नव्वद, वर लघवीची पट्टी जांभळी:
बूट काढ. पाणी पी. डॉक्टरांना फोन कर. आज नाही.
आई गेल्यापासून इतकं स्वच्छ
कुणी बोललेलं नाही माझ्याशी.

शाळेत पी.टी.च्या तासाला
घाणेकर सर म्हणायचे, सुलक्षणा, तू बस.
तेराव्या वर्षापासून बसले.
कडुनिंबाखाली, बावीस मुलींच्या चपला,
तीन घड्याळं, कुणाचं तरी एक मोत्याचं कानातलं
आणि घंटेपर्यंत सरकत जाणारी सावली सांभाळत.
सर वाईट नव्हते. घाबरले होते.
घाबरलेल्या माणसांनी मला
फार प्रेमानं बसवून ठेवलं.

आता एकेचाळिसाव्या वर्षी
कचराळी तलावाला सहा फेऱ्या.
पळणं म्हणायचं आपलं;
हास्यक्लबचे आजोबाही मला ओलांडतात,
हसत हसत.

पळायच्या दिवशी सुई मांडीत नाही, पोटात,
आणि दोन युनिट कमी.
मांडी पळते तेव्हा तिच्यातलं औषधही पळतं,
हे वाचलेलं होतं मी.
कळलं मात्र चौथ्या फेरीला,
घाईत मांडीतच टोचून निघाले त्या दिवशी.

आधी ओठ बधिर झाले.
मग कठड्याची जाळी पाण्यासारखी हलायला लागली.
मग राग आला. कुणाचा, ते कळेना,
बहुतेक बुटाच्या लेसचा.
हात खिशात गेला. गोळ्या घरी, दुसऱ्या पँटीत.
खिशात चिक्की. शेंगदाण्याला वेळ लागतो,
आणि वेळच नव्हता.

बाकावर मोकाशीकाका.
तेच, जे रोज टोकायचे:
डायबेटीस ना तुम्हाला? मग चघळता काय?
गोड म्हणजे विष!
मी म्हटलं, साखर.
ते म्हणाले, वाढली ना? सांगत होतो मी.
मी म्हटलं, साखर द्या.
शब्द जिभेवरून ओघळत होते, गरम खिरीसारखे.
काकांनी माझ्या गळ्यातलं कार्ड उलटं केलं,
हात लांब करून, डोळे बारीक करून वाचलं,
आणि दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला तो माणूस
चहाच्या गाडीपर्यंत
पळाला.

चार चमचे, अर्ध्या ग्लासात,
तळाशी न विरघळलेली रेतीसारखी.
प्यायले. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं.
काका आकडा वाचायचा हट्ट धरून बसलेले.
ब्याऐंशी, म्हणाले, आणि विचारलं:
हे बरं की वाईट?
पहिल्यांदाच विचारत होते ते काही,
सांगत नव्हते.

आता त्यांच्या शर्टाच्या खिशात
हॉटेलातल्या साखरेच्या चार पुड्या असतात.
मुंग्या होतात, बाबा, सून म्हणते.
होऊ देत, म्हणतात.
मीही पँट कुठलीही असो, गोळ्या मोजून निघते,
चपला मोजायचे तशी.

रात्री पावणेतीनला गजर.
विश्वास कुशीवर वळून विचारतो, किती?
अडुसष्ट.
गोळ्या, मग दोन बिस्किटं, अंधारात,
चुरा पांघरुणावर सांडू न देता.
पाय केव्हाच झोपलेत.
पण रक्त अजून तळ्याकाठीच आहे,
सकाळचा हिशेब रात्री फेडत,
दाणा दाणा वेचत, फेरी घालत.

त्याला कुणी म्हणत नाही,
तू बस.